दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडल्यास काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

“दहा हजार भर आणि मोकळा हो,” हा सल्ला ड्रंक अँड ड्राइव्हमध्ये सापडलेल्या माणसाला त्याच रात्री फोनवर मिळतो. देणारा बहुधा स्वतःच कधीतरी दहा हजार भरून आलेला असतो. पहिल्या खेपेला हा सल्ला बऱ्याचदा खपून जातो. दुसऱ्या खेपेला मात्र दंडाचा आकडा हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत किरकोळ भाग ठरतो. खालची उत्तरे मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्यातली २०१९ ची दुरुस्ती यांच्या आधाराने लिहिली आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. स्वतःच्या प्रकरणाचे कागद वकिलालाच दाखवा.

गुन्हा नेमका कशाचा? प्यायल्याचा, की गाडी नीट न चालवल्याचा?

दारूच्या बाबतीत फक्त आकड्याचा. कलम १८५ नुसार गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा पूर्ण झाला. तुम्ही सरळ रेषेत, ताशी तीसच्या वेगाने, इंडिकेटर देऊन चालला होतात, याने काही फरक पडत नाही. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असायला हवा, अशी अट आहे.

“मला चढतच नाही” हा बचाव म्हणूनच कोर्टात चालत नाही. ३० मिलिग्रॅम म्हणजे किती, याचा अंदाजही बहुतेकांना नसतो. ४२.८ टक्क्यांच्या साठ मिलिलिटर व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. सत्तर किलोच्या पुरुषाने ती उपाशीपोटी घेतली, तर एवढ्यावरही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. वजन कमी असेल तर आणखी लवकर. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूत त्यांचा आकडा वर जातो.

पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या शिक्षेत फरक किती?

पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

२०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हे दंड अनुक्रमे दोन हजार “पर्यंत” आणि तीन हजार “पर्यंत” होते. १ सप्टेंबर २०१९ पासून “पर्यंत” हा शब्द दंडापुरता गेला. त्यामुळे “साहेब, थोडे कमी करा” या विनंतीला दंडाच्या रकमेपुरती कायद्यात जागा उरलेली नाही. कैदेला मात्र अजूनही “पर्यंत”च आहे, म्हणजे किती द्यायची हे न्यायाधीश ठरवतात.

आकडे पाहून वाटते की फरक फक्त पाच हजारांचा आहे. खरा फरक पुढच्या उत्तरात आहे.

लायसनचे काय होते?

इथे दोन स्वतंत्र वाटांनी कारवाई होते. लोक त्यांची गल्लत करतात आणि एक मिटली की दुसरी विसरतात.

पहिली वाट आरटीओची. पोलिसांना कलम २०६ (४) खाली तुमचे लायसन जागेवरच ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवता येते. त्याबदल्यात एक तात्पुरती पोचपावती मिळते. ही पावती दाखवून गाडी चालवता येते असा मोठा गैरसमज आहे. कायद्यात स्पष्ट लिहिले आहे की लायसन परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. मग आरटीओ तुम्हाला म्हणणे मांडायची संधी देते आणि कलम १९ (१अ) नुसार निर्णय घेते: पहिला गुन्हा असेल तर तीन महिन्यांसाठी अपात्रता, दुसरा किंवा त्यापुढचा असेल तर लायसन रद्द. रद्द झालेल्या व्यक्तीचे नाव जाहीर करण्याचीही मुभा याच कलमात आहे. सुनावणीची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते, माणूस हजर राहत नाही आणि निर्णय एकतर्फी होतो, असे होऊ शकते. लायसनवरचा पत्ता बदलून घेतला नसेल तर त्याचा फटका नेमका इथे बसतो. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते.

दुसरी वाट न्यायालयाची. कलम १८५ खाली दोषी ठरवले की न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवायचेच आहे. कलम २० (२) मध्ये तसा आदेश “देईल” असे आहे, “देऊ शकेल” असे नाही. आणि आधी कलम १८५ खाली दोषी ठरलेला माणूस पुन्हा त्याच कलमाखाली दोषी ठरला, तर कलम २२ (२) नुसार न्यायालयाने त्याचे लायसन रद्द करायचे आहे. इथेही “देईल”च. पहिला गुन्हा आणि दुसरा गुन्हा यांच्यातली खरी दरी ही आहे.

निलंबन आणि रद्द यांत फरक आहे. निलंबनाला शेवटची तारीख असते. ती उलटल्यावर, रीफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करून लायसन परत मागता येते. न्यायालयाने कलम २२ खाली निलंबित केले असेल तर चालवण्याची चाचणी नव्याने द्यावी लागते. रद्द करण्याला अशी तारीख नसते. तो आदेश लागू असेपर्यंत त्या वर्गाच्या वाहनाचे कुठलेही लायसन बाळगता किंवा नव्याने काढता येत नाही. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांवर पोट असलेल्या माणसासाठी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दंड महिन्या-दोन महिन्यांत फिटतो, लायसन गेले की धंदाच थांबतो.

दोन गुन्ह्यांमध्ये तीन वर्षे उलटली असतील तर दुसरा गुन्हा “पहिला” धरतात ना?

आता नाही. पूर्वी कलम १८५ मध्ये “आधीच्या तशाच गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत” असे शब्द होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले. बेदरकारपणे गाडी चालवण्याच्या कलम १८४ मध्ये तीन वर्षांची अट अजून आहे, म्हणून हा गोंधळ टिकून आहे. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांतही तीच जुनी ओळ अजून फिरते आहे. लायसन रद्द करण्याच्या कलम २२ (२) मध्ये अशी मुदत नाही. सात-आठ वर्षांपूर्वीचे प्रकरण विसरून गेले असेल, तरी कलमाच्या शब्दांनुसार ते मोजले जाते.

पहिली केस अजून चालू आहे आणि दुसऱ्यांदा सापडलो. हा दुसरा गुन्हा का?

न्यायालयात वाढीव शिक्षा मागायची तर आधीची दोषसिद्धी सिद्ध व्हावी लागते. तिची तारीख आणि ठिकाण दोषारोपात नमूद करावे लागते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. निकालच लागला नसेल तर दाखवायला दोषसिद्धी नाही. वकील पहिल्यांदा हेच तपासतात: जुन्या निकालाची नक्कल जोडली आहे का, आणि ती याच माणसाची आहे का.

आरटीओच्या वाटेवर मात्र यावर विसंबून राहू नका. ती कारवाई न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत थांबतेच असे नाही.

पहिल्यांदा गोव्यात सापडलो होतो, आता पुण्यात. दोन्ही जोडले जाईल का?

कायदा केंद्राचा आहे, कलम एकच आहे, त्यामुळे राज्य बदलल्याने गुन्ह्याची पाटी कोरी होत नाही. लायसनची नोंद “सारथी” या देशभरच्या प्रणालीत असते आणि अपात्रतेच्या आदेशाची नोंद लायसनच्या माहितीत होते. पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यातून दुसरे लायसन काढण्याचे प्रकार चालायचे. आता तसे करायला जाणे म्हणजे स्वतःहून आणखी एक गुन्हा अंगावर घेणे.

पहिल्या वेळी “गुन्हा कबूल” म्हटले होते. त्यात काय बिघडले?

या प्रश्नाला जरा वेळ देऊ, कारण सगळी गोष्ट इथून सुरू होते.

मोटार वाहन खटल्यांच्या न्यायालयातली सकाळ डोळ्यासमोर आणा. बोर्डावर भराभर केसेस, दारात गर्दी, शिपाई नाव पुकारतो. आरोपी पुढे होतो. “दारू पिऊन गाडी चालवली, गुन्हा कबूल आहे का?” “हो साहेब.” पुढच्या मिनिटाला दंडाची रक्कम सांगितली जाते, खिडकीवर पैसे भरायचे, पावती घ्यायची, की झाले. माणूस बाहेर येऊन ऑफिसला फोन करतो: “मिटलं सगळं, अर्ध्या तासात येतो.”

मिटलेले काहीच नसते. त्या “हो साहेब”मुळे त्याच्या नावावर दोषसिद्धी नोंदली गेलेली असते. ती पावती त्याला वाहतुकीच्या चलानासारखी वाटते, पण ती फौजदारी शिक्षेची पावती असते. शिवाय स्वतः कबूल करून झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळपास बंद असते. शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतेच ते करता येते. पुढे दुसऱ्यांदा सापडल्यावर सरकारी वकील हाच निकाल काढून समोर ठेवतात, आणि कलम २२ (२) चा रस्ता उघडतो.

याचा अर्थ खरा गुन्हा नाकारत बसा असा नाही. आकडा स्पष्ट असेल, कागद नीट असतील, तर कबूल करणे शहाणपणाचेही असू शकते. पण फुंकण्याच्या मशीनच्या प्रिंटआउटवर वेळच नाही, पंचनाम्यात गाडीचा नंबर चुकला आहे, अशा केसमध्येही केवळ “एक तारीख वाचेल” म्हणून कबुली देणारे असतात. वाचलेली ती तारीख पुढे फार महाग पडते.

जागेवरच तडजोड रक्कम भरून किंवा लोकअदालतीत मिटवता येते का?

नाही. हेल्मेट, सीटबेल्ट, सिग्नल अशा गुन्ह्यांत ठरावीक रक्कम भरून प्रकरण संपते. ज्या कलमांना ही सोय आहे त्यांची यादी कलम २०० मध्ये दिली आहे आणि तिच्यात १८५ नाही. तडजोडयोग्य नसलेला गुन्हा लोकअदालतीतही निकाली काढता येत नाही. “लोकअदालतीत अर्ध्यात करून देतो” असे कोणी म्हणाला तर तो ई-चलानाबद्दल बोलतोय किंवा तुम्हाला फसवतोय. नाक्यावरच्या तोडपाण्याबद्दल एवढेच सांगता येईल, की लाच देणे हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा आहे.

अटक होते का? रात्र कोठडीत काढावी लागते का?

गणवेशातला पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय अटक करू शकतो. मात्र कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. तशी झाली नाही तर सोडून द्यावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे. दुसरा असला तरीही, कारण शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांच्या खालीच राहते. म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे, मेहरबानी नाही. पोलीस ठाण्यातल्या नोंदीवरच्या वेळा पाहून ठेवा: कधी थांबवले, कधी फुंकले, कधी अटक, कधी डॉक्टर. पुढे खटल्यात याच चार वेळांवर बरेच काही अवलंबून असते.

मशीनमध्ये फुंकायलाच नकार दिला तर?

फायदा काही होत नाही. वाजवी संशय असेल तर नकार देणाऱ्यालाही अटक करता येते, आणि ठाण्यात नेल्यावर रक्ताचा नमुना मागता येतो. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार न्यायालय सरकार पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट म्हणून धरू शकते. कलम २०५ त्यासाठीच आहे. स्त्रीचा रक्तनमुना पुरुष डॉक्टर घेणार असेल तर तिथे दुसरी स्त्री हजर असलीच पाहिजे.

रात्री प्यालो, झोपलो, सकाळी सात वाजता कामावर जाताना सापडलो. हे कसे?

हिशोब साधा आहे. रक्तातले अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ताशी साधारण १५ मिलिग्रॅम या गतीने उतरते. कुणाचे दहाने, कुणाचे वीसने. रात्री एक वाजता रक्तात १२० मिलिग्रॅम असेल, तर सहा तासांत ९० उतरले आणि सात वाजता बरोबर ३० उरले. थोडी जास्त घेतली असेल, किंवा उतरण्याची गती जरा मंद असेल, तर अंघोळ करून, नाश्ता करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालेला माणूसही कायद्याच्या भाषेत दारू पिऊन गाडी चालवत असतो. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी झोप जाते, आकडा जात नाही. लग्नसराईत आणि ३१ डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी हे विशेष लक्षात ठेवावे. ज्याच्या नावावर आधीची दोषसिद्धी आहे त्याने तर नक्कीच.

माउथवॉश किंवा खोकल्याच्या औषधाने मशीन वाजते का?

वाजू शकते, पण ते तोंडातले अल्कोहोल असते आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरते. तसे असेल तर लगेच सांगा, थोड्या वेळाने पुन्हा फुंकण्याची आणि रक्ततपासणीची मागणी करा. ठाण्यात पुन्हा फुंकण्याची संधी देणे कायद्यातच आहे. दुसऱ्या वेळी आकडा तोच आला तर मात्र माउथवॉशचे नाव पुन्हा काढू नका.

आकडा चुकीचा आहे असे वाटत असेल तर काय पाहायचे?

प्रिंटआउट. त्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, आकडा आणि तुमची सही असायला हवी. वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळते का? मशीन केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या प्रकारचे आहे का आणि त्याची तपासणी वेळेवर झाली होती का, हे विचारण्याचा आरोपीला हक्क आहे. दुरुस्तीनंतर कायद्यात ब्रेथ अ‍ॅनालायझरबरोबर “प्रयोगशाळेतल्या चाचणीसह इतर कोणतीही चाचणी” असे शब्द आले आहेत, त्यामुळे रक्ताच्या अहवालावरही गुन्हा सिद्ध करता येतो. नुसता तोंडाला वास येत होता, डोळे लाल होते, चाल डळमळत होती, एवढ्यावर मर्यादेपेक्षा जास्त दारू होती असे ठरत नाही.

रक्ताचा नमुना कुणी घेतला, सीलबंद कसा केला, प्रयोगशाळेत कधी पोचला, ही साखळी दोन्ही बाजूंनी महत्त्वाची असते. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हापासून या साखळीकडे सगळ्यांचेच जास्त लक्ष असते.

दुसऱ्या गुन्ह्यात तुरुंगवास अटळ आहे का?

अटळ नाही. कलमात “किंवा” आहे, आणि कैदेची किमान मुदत नाही. न्यायालय फक्त दंड करू शकते, “न्यायालय उठेपर्यंत” कैद देऊ शकते, काही दिवस किंवा काही महिने देऊ शकते. पण न्यायाधीशांचा कल कुठे झुकेल याचा अंदाज करायला फार अभ्यास लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितले होते, की दारूच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्यालाही कैदेची मागणी करा. दुसऱ्यांदा आलेल्या माणसाला “चूक झाली, पुन्हा होणार नाही” हे वाक्य म्हणायची सोय राहत नाही. मागच्या वेळी तेच म्हणून झालेले असते. चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याची जी सवलत नागरिक सुरक्षा संहितेत आहे, तीही आधीची दोषसिद्धी सिद्ध झालेली नसेल तरच मिळते.

अपघात झाला आणि कुणी दगावले तर?

मग १८५ हे यादीतले सर्वांत छोटे कलम उरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास (कलम १०६) पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण दारूच्या नशेत बेफाम गाडी चालवून माणसे मारली असतील, तर पोलीस बऱ्याचदा कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध लावतात. त्यात मृत्यू ओढवू शकतो याची “जाणीव” होती एवढे सिद्ध झाले तरी दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम अजामीनपात्र आहे.

मुंबईतल्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली आणि सात जण गेले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची सक्तमजुरी कायम ठेवली, आणि खालच्या न्यायालयाने सुरुवातीला दिलेली हलकी शिक्षा योग्य नव्हती हेही स्पष्ट झाले. दिल्लीच्या लोधी कॉलनीत गाडीखाली माणसे चिरडल्याच्या १९९९ च्या प्रकरणातही २०१२ मध्येच सदोष मनुष्यवधाचेच कलम धरले गेले.

आधी एकदा याच गुन्ह्यात सापडलेल्या आरोपीचा जामीन अर्ज सुनावणीला आला की मागचे रेकॉर्ड समोर येतेच. शिक्षा ठरवतानाही ते बोलते.

विमा मिळतो का?

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विसरा. पॉलिसीत नशेत चालवण्याचा अपवाद असतो. इथे एक बारकावा आहे: एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की ब्रेथ टेस्ट झालेली नसली तरी चालक नशेच्या अमलाखाली होता हे विमा कंपनी इतर पुराव्यांनी दाखवू शकते. फौजदारी खटल्यात सुटलात म्हणून विमा मिळेलच असे नाही.

समोरच्याचे नुकसान वेगळे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जखमींना किंवा मृतांच्या कुटुंबाला भरपाई देताना अनेकदा कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ही रक्कम लाखांत, कधी कोटीत जाते. वसुलीची नोटीस येते तेव्हा पंधरा हजारांचा दंड कुणाला आठवतही नाही.

नोकरी, पासपोर्ट, व्हिसा?

खटला प्रलंबित असताना पासपोर्ट अडू शकतो. पासपोर्ट कायद्यात तशी तरतूद आहे, आणि अशा वेळी न्यायालयाची परवानगी आणावी लागते. पोलीस पडताळणीत नाव निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा अर्जात खरे लिहिलेले बरे. लपवणे हे मूळ प्रकरणापेक्षा जास्त त्रासाचे ठरते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यालाही हेच लागू. एसटी किंवा बस कंपनीतल्या चालकाला खात्याची चौकशी वेगळी.

अमेरिकेच्या व्हिसासाठी गेल्या पाच वर्षांत दारूसंबंधी एक अटक, किंवा दहा वर्षांत दोन असतील, तर अर्जदाराला ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. दोषसिद्धीच नव्हे, अटकही मोजतात. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षे केली, त्यामुळे परदेशातली अशी दोषसिद्धीही तिथे प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. मुलाच्या पदवीदान समारंभाला जाता आले नाही, हे कलम १८५ मध्ये कुठेही लिहिलेले नसते.

रेकॉर्ड पुसून टाकता येते का?

प्रौढांसाठी तशी सर्वसाधारण सोय आपल्या कायद्यात नाही. अपिलात निकाल फिरला तरच. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे.

लायसन निलंबित असताना जवळच जायचे म्हणून गाडी काढली तर?

कलम १८२: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अंतर किती होते याला महत्त्व नाही. त्यात अपघात झाला तर “वैध लायसन नव्हते” हा मुद्दा विमा कंपनीच्या हाती आयता मिळतो.

मुलगा अठराच्या आतला आहे आणि सापडला, तर?

पालक किंवा गाडीचा मालक अडकतो. कलम १९९अ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

ई-बाईकला हे लागू आहे का?

नोंदणी लागणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाला लागू आहे. स्कूटर, ई-स्कूटर, ट्रॅक्टर, सगळ्यांना. पायडलची सायकल यात येत नाही.

मी प्यालो नव्हतो, शेजारी बसलो होतो. गाडी माझी होती. मला काही होईल का?

होऊ शकते. कलम १८८ नुसार १८५ च्या गुन्ह्याला चिथावणी देणाऱ्याला किंवा मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. मित्र झिंगलेला आहे हे दिसत असताना “चालव रे, काही होत नाही” म्हणून चावी हातात दिली, तर तुम्ही त्याच खटल्यात उभे राहू शकता. नुसते शेजारी बसल्याने गुन्हा होत नाही. आणि लायसन रद्द झाले म्हणून गाडी विकायची गरज नाही. मालकी तुमचीच राहते, ड्रायव्हर ठेवता येतो. फक्त त्या ड्रायव्हरचे लायसन स्वतः पाहून घ्या. विनालायसन माणसाला गाडी दिली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, असे आणखी एक कलम मालकाच्या नावावर चढते.